सर्व्हरवरचं ‘डेटा’ फोल्डर सगळ्यांना उघडं, आता परमिशन कशा लावायच्या?

प्रश्न : ताई, मी नाशिकच्या एका सीए ऑफिसमध्ये अकाउंटंट आहे आणि ऑफिसचं बाकी सगळंही माझ्याच गळ्यात आहे. दोन पार्टनर, स्टाफ आणि आर्टिकल (म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात शिकाऊ म्हणून काम करणारी मुलं) धरून सोळा-सतरा जण. विंडोज सर्व्हर २०१९ आहे, डोमेन आहे (म्हणजे सगळ्यांची लॉगिन सर्व्हरवरूनच सांभाळली जातात), डी ड्राइव्हवर ‘डेटा’ नावाचं एकच फोल्डर शेअर केलंय आणि ज्यानं सर्व्हर लावला त्यानं ‘कुणाचं काही अडायला नको’ म्हणून एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन ठेवलंय. आर्टिकल सगळे एकाच लॉगिनने बसतात. मागे कुणीतरी पगाराची शीट उघडली आणि कुणाला किती मिळतात ते ऑफिसभर झालं. मग टॅक्स ऑडिटच्या गडबडीत एका क्लायंटचं अख्खं फोल्डर गायब झालं, नवीन आलेल्या एका आर्टिकल मुलीवर आळ आला, ती खूप रडली, आणि चार दिवसांनी ते फोल्डर शेजारच्याच क्लायंटच्या फोल्डरमध्ये सापडलं. सर म्हणाले, तुला कॉम्प्युटरचं कळतं, तूच बंदोबस्त कर. मी पगाराच्या फोल्डरला एव्हरीवन डिनाय, म्हणजे सगळ्यांना मनाई, केलं, तर आता ते मलाही उघडत नाही आणि सरांनाही नाही. एक तारीख जवळ आलीये. ते उघडायचं कसं, पुढे नीट लावायचं कसं, आणि मुलांना ‘आमच्यावर विश्वास नाही’ असं न वाटू देता सांगायचं कसं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, आधी श्वास घ्या, तुमच्या पगाराच्या फाइली जशा होत्या तशाच आहेत, डिनायनं काहीही डिलीट होत नाही. एव्हरीवन म्हणजे खरोखर सगळे, त्यात तुम्ही आलात, सर आले, ॲडमिनसुद्धा आला, आणि एकाच फोल्डरवर एकाच माणसाला अलाव आणि डिनाय दोन्ही लागलं तर डिनाय जिंकतं, एवढंच झालंय.

सर्व्हरवर ॲडमिनच्या लॉगिननं बसा, फोल्डर उघडायला जाऊ नका, त्यावर नुसतं राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड इथवर जा. वरती ओनर म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. फोल्डरचा जो ओनर असतो त्याला स्वतःला डिनाय लागलेलं असलं तरी परमिशन बदलता येतात, ही सोय विंडोजमध्ये मुळातच आहे, म्हणून ते फोल्डर तुमच्याच लॉगिननं बनलेलं असेल तर थेट डिनायची ओळ निवडून रिमूव्ह करा, संपलं. ओनर दुसरंच कुणी असेल, समजा सोडून गेलेला एखादा माणूस, तर तिथेच चेंज दाबून ओनर म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप द्या, ओके करा, सगळ्या खिडक्या बंद करून प्रॉपर्टीज पुन्हा उघडा आणि मग ती ओळ काढा. ॲडमिनला ओनरशिप घ्यायचा हक्क कायम असतो, त्यामुळे तुम्ही कायमच्या बाहेर राहूच शकत नाही.

आणि यापुढे डिनाय हे बटण विसरून जा. यादीत ज्याचं नाव नाही त्याला आपोआपच प्रवेश नाही, त्यासाठी वेगळं नाही म्हणायला लागत नाही. शिवाय त्याचे नियम गुंतागुंतीचे आहेत, फोल्डरवर थेट लावलेलं डिनाय सगळ्यात आधी बघितलं जातं, मग थेट लावलेलं अलाव, मग वरून वारशानं आलेलं डिनाय आणि शेवटी वारशानं आलेलं अलाव, म्हणजे वरून आलेल्या डिनायला खालचं अलाव हरवू शकतं, आणि सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही की अमक्याला हे का दिसतंय आणि तमक्याला का नाही. पगाराच्या फोल्डरवर इनहेरिटन्स, म्हणजे वरून येणारा तो वारसा, बंद करा, ते विचारेल तेव्हा कन्व्हर्टचा पर्याय घ्या, आणि मग सिस्टिम (हे विंडोजचं स्वतःचं लॉगिन), ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि पगार करणाऱ्यांचा ग्रुप एवढेच ठेवून बाकी सगळं काढा. एक तारखेपर्यंत एवढं पुरे, बाकीचं सावकाश.

आता त्या मुलीबद्दल बोलूया, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ती आहे. जिथे सोळा जणांना सगळं हलवायचा, पुसायचा हक्क आहे आणि त्यात सहा-सात जण एकाच नावानं लॉगिन करतात, तिथे कुणी काय केलं हे कुणालाही सिद्ध करता येत नाही, ना आरोप, ना निर्दोषपणा. मग आळ कुणावर येतो, तर जो सगळ्यात नवीन असतो आणि ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर. एका क्लायंटचं फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये सापडलं याचा अर्थ माउस दाबलेला असताना हात जरासा सरकला, आणि हे फाइल सर्व्हरवर रोज कुठे ना कुठे होतं. विंडोजमध्ये माउस दाबून ४ पिक्सेल सरकला की ड्रॅग सुरू होतो, ४ पिक्सेल म्हणजे नखाएवढंही नाही, आणि त्याच ड्राइव्हवर अख्खं फोल्डर हलवायला सर्व्हरला क्षणभरही लागत नाही, कारण आतल्या फाइली जागच्या हलतच नाहीत, फक्त पत्ता बदलतो. ज्याच्या हातून होतं त्याला कळतसुद्धा नाही. तेव्हा सरांना माझ्या वतीनं सांगा की त्या मुलीला सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट म्हणा, तुझी चूक नव्हती. आळ सगळ्यांसमोर आला होता ना, मग तो काढायचाही सगळ्यांसमोर.

म्हणूनच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी मध्येच देऊन टाकते. परमिशन लावणं हे मुलांच्या विरोधात नाही, त्यांच्या बाजूनं आहे. ज्याला जिथे जायचा हक्कच नाही त्याच्यावर तिथल्या गोष्टीचा संशय येऊ शकत नाही. त्यांना असंच सांगा, आणि लावायच्या आधी सांगा, नंतर नाही. सकाळी आल्यावर अचानक ‘ॲक्सेस डिनाइड’ दिसलं तर कुणालाही अपमानच वाटणार. आणि हेही सांगा की क्लायंटची माहिती ही ऑफिसची नसतेच, ती क्लायंटची असते, १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर देणं हे व्यावसायिक गैरवर्तन म्हणून लिहून ठेवलंय, आणि आता २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, त्यात माहिती सांभाळायची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मुलं उद्या सीए होणार आहेत, त्यांना हे आत्ताच कळलेलं बरं.

आता नीट कसं लावायचं. पहिलं काम सर्व्हरवर नाही, कागदावर. दोन्ही पार्टनरांना तासभर बसवा, मोबाइल बाजूला ठेवायला लावा, आणि एका बाजूला फोल्डर, दुसऱ्या बाजूला कामं असा तक्ता आखा. माणसांची नावं लिहू नका, कामं लिहा : जीएसटी बघणारे, टीडीएस बघणारे, ऑडिट टीम, पगार, पार्टनर, फ्रंट ऑफिस. प्रत्येक चौकटीत तीनच शक्यता, काही नाही, फक्त वाचणं, किंवा बदलणं. आणि प्रत्येक फोल्डरपुढे एक जण असा लिहा की कुणाला नव्यानं प्रवेश द्यायचा का हे तोच सांगणार. हा शेवटचा मुद्दा बहुतेक ऑफिसं गाळतात आणि मग निर्णय कॉम्प्युटरवाल्यावर येऊन पडतो. तुमचं काम दार बसवायचं आहे, कुणाला आत घ्यायचं ते ठरवायचं नाही, आणि सरांनी ‘तूच बंदोबस्त कर’ म्हटलं तेव्हा हे दुसरं कामही तुमच्या अंगावर आलं, ते नम्रपणे परत करा. कागदावर त्यांची सही घ्या, हो सहीच, कारण उद्या एखादा सीनियर येऊन विचारेल की मला पगाराचं फोल्डर का दिसत नाही, तेव्हा उत्तर तुमचं नसायला हवं.

तक्ता करताना मोह होईल की प्रत्येक क्लायंटला वेगळी परमिशन लावू. नका लावू. चारशे क्लायंट असतील तर चारशे याद्या कोण सांभाळणार. खात्यानुसार वाटा, आणि परमिशन वरच्या एक-दोन पायऱ्यांवरच लावा, त्याखाली सगळं वारशानं जाऊ दे. अपवाद फारच नाजूक एखाद-दुसऱ्या क्लायंटचा, त्यांचं वेगळं फोल्डर करा.

सीए ऑफिसमध्ये ‘फक्त वाचणं’ याचा एक सुंदर उपयोग आहे तो सांगते. ऑडिटचे कागद रिपोर्टवर सही झाल्यापासून साधारण ६० दिवसांत एकत्र लावून फाइल बंद करायची असते, असं एसए २३० हे ऑडिटचं मानक सांगतं, आणि पुढे किमान ७ वर्षं ती सांभाळायची असते. मग ती बंद झाली की ते वर्ष ‘बंद वर्षं’ अशा वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा (आणि मूळचं पुसा), जिथे पार्टनरांसकट सगळ्यांना फक्त वाचता येतं. पुढच्या वर्षी कुणीतरी मागच्या वर्षीची शीट उघडून तिच्यावरच नवीन आकडे टाकून सेव्ह करतो ना, ते प्रकरण तिथेच संपतं.

आता ग्रुप. परमिशन कधीही माणसाच्या नावानं देऊ नका, नेहमी ग्रुपला द्या आणि माणसाला ग्रुपमध्ये घाला. तुमच्याकडे तर याची गरज जास्तच आहे, कारण १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप ३ वर्षांवरून २ वर्षांवर आली, म्हणजे मुलं आणखी भराभर बदलणार, आणि प्रत्येकाचं नाव वीस फोल्डरवर लावत बसलात तर तो गेल्यावर वीस ठिकाणी जाऊन काढणार कोण, कुणी नाही काढत. मग अकाउंट डिलीट झालं की यादीत नावाऐवजी एस-१-५-२१ असा लांबलचक नंबर उरतो, तो कोण होता हे कुणालाच आठवत नाही. मोठ्या कंपन्या ग्रुपमध्ये ग्रुप अशी दोन थरांची रचना करतात, सोळा जणांना त्याची गरज नाही, एक थर पुरतो. नावं अशी द्या की वाचताच कळेल : जीएसटी-बदल, जीएसटी-वाचन, पगार-बदल, वगैरे. आणि एक लक्षात ठेवा, माणसाला ग्रुपमध्ये घातल्यावर त्याला लगेच काही दिसणार नाही, त्यानं साइन आउट करून परत साइन इन करायला हवं, कारण आपण कुठल्या ग्रुपमध्ये आहोत ही यादी लॉगिन करतानाच बनते. ‘मी दिलंय पण उघडत नाही’ या तक्रारींतल्या निम्म्या इथेच मिटतात.

आणि ते सामायिक आर्टिकल लॉगिन आजच्या आज बंद करायच्या मार्गाला लागा. प्रत्येकाला स्वतःचं. याच्याशिवाय बाकी सगळं वाया आहे.

शेअर परमिशन आणि सिक्युरिटी टॅबमधली परमिशन या दोन गोष्टी आहेत, इथे सगळे गोंधळतात. वाड्याचा दिंडी दरवाजा आणि आतल्या खोलीचं दार असं समजा, बाहेरून येणाऱ्याला दोन्हीतून जावं लागतं आणि त्यातलं जे अरुंद असेल तेवढंच त्याला मिळतं, पण सर्व्हरवरच बसलेल्याला फक्त खोलीचं दार लागतं. दोन्हीकडे बारीकसारीक नियम लावले की वेड लागायची पाळी येते. म्हणून शेअरवर साधं ठेवा : एव्हरीवन काढा, ऑथेंटिकेटेड युजर्सना (म्हणजे स्वतःच्या लॉगिननं आलेल्यांना) चेंज द्या, ॲडमिनिस्ट्रेटर्सना फुल कंट्रोल, आणि सगळी खरी वाटणी सिक्युरिटी टॅबमध्ये करा. शेअरवर फुल कंट्रोल न देता चेंज का, तर जो माणूस फाइल बनवतो तो तिचा ओनर होतो आणि ओनरला परमिशन बदलता येतात हे वर आलंच, चेंज असेल तर नेटवर्कवरून येऊन ते करता येत नाही. याच कारणासाठी सिक्युरिटी टॅबमध्येही कुठल्याच खात्याला फुल कंट्रोल देऊ नका, मॉडिफाय पुरतं, त्यात वाचणं, लिहिणं, पुसणं सगळं येतं, पण परमिशन बदलणं आणि ओनरशिप घेणं येत नाही.

मग ‘डेटा’ फोल्डरवर असं करा. आधी आत्ता जे आहे त्याची नोंद काढून ठेवा, आयकॅकल्स नावाची कमांड आहे, तिच्यात सेव्ह हा पर्याय आहे, ती सगळ्या फोल्डरांच्या परमिशन एका फाइलमध्ये लिहून ठेवते आणि गडबड झाली तर रिस्टोअरनं परत लावते. हे न करता पुढे जाऊच नका, आणि ताजा बॅकअपही हातात असू दे. नंतर ‘डेटा’वर इनहेरिटन्स बंद करून कन्व्हर्ट करा, यादीतून युजर्स, एव्हरीवन आणि क्रिएटर ओनर काढा, ॲडमिनिस्ट्रेटर्स ठेवा, सिस्टिमला तर हातच लावू नका, बॅकअप आणि अँटिव्हायरससारख्या गोष्टी सहसा त्याच नावानं चालतात. मग सगळ्या स्टाफचा एक ग्रुप घालून त्याला फक्त वाचायचा हक्क द्या, आणि ‘अप्लाइज टू’मध्ये ‘धिस फोल्डर ओन्ली’ निवडा. याचा अर्थ सगळे दारात येऊन आत कुठली फोल्डरं आहेत ते बघू शकतात, पण खाली काहीच वारशानं जात नाही. पूर्वी कुणीकुणी आत लावलेल्या परमिशन साफ करायच्या असतील तर ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन’ची खूण फक्त या टप्प्यावर एकदाच करायची, लगेच लोकांना काही उघडणार नाही ते ठीक आहे, आणि पगाराचं फोल्डरही यात साफ होईल ते पुन्हा लावायचं. नंतर ही खूण चुकूनही करू नका, सगळी मेहनत पुसली जाईल. आणि मग एकेका खात्याच्या फोल्डरला त्याचा त्याचा ग्रुप जोडत जा.

हे सगळं करताना एक सापळा आहे. सर्व्हरवर बसून एखादं फोल्डर उघडायला गेलात की विंडोज म्हणतं तुम्हाला परमिशन नाही, पुढे जायला कंटिन्यू दाबा. नका दाबू. दाबलंत की ते तुमचं वैयक्तिक नाव त्या फोल्डरच्या यादीत कायमचं घालून ठेवतं, आणि वर्षभरात ॲडमिन करणाऱ्यांची नावं सगळीकडे विखुरलेली सापडतात. आत बघायचं असेल तर दुसऱ्या पीसीवरून शेअरनं जा.

क्लायंटचं फोल्डर पुन्हा हातानं सरकू नये यासाठी : अख्खं फोल्डर हलवायला त्या फोल्डरवर डिलीटचा हक्क लागतो. म्हणून ‘क्लायंट’ या वरच्या फोल्डरवर स्टाफला फक्त वाचणं, धिस फोल्डर ओन्ली. आणि प्रत्येक क्लायंटच्या फोल्डरवर खात्याच्या ग्रुपच्या त्याच त्या दोन ओळी (प्रत्येकाची वेगळी यादी नाही), पहिली ‘धिस फोल्डर ओन्ली’ला वाचणं आणि नवीन फाइल-फोल्डर बनवणं, दुसरी ‘सबफोल्डर्स अँड फाइल्स ओन्ली’ला मॉडिफाय. मग आतलं काम सगळं चालतं पण क्लायंटचं मूळ फोल्डर उचललं जात नाही. अर्थात चारशे फोल्डरना हातानं लावू नका, आयटीवाल्याकडून एक छोटी स्क्रिप्ट करून घ्या, आणि आधी एका डमी क्लायंटवर करून मुद्दाम ओढून बघा, तुमच्या कॉम्प्युटरवर नेमकं काय होतं ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय सगळीकडे लावायचं नाही. नवीन क्लायंटचं फोल्डर बनवायचा हक्क एका-दोघांनाच, तेही तयार साच्यावरून. आणि त्या ४ पिक्सेलचा आकडा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, वाढवता येतो, सगळ्या पीसींवर ग्रुप पॉलिसीनं एकदम लावता येतो, हे आयटीवाल्याला आवर्जून सांगा, बिनपैशाचा उपाय आहे.

फाइल मूव्ह करणं आणि कॉपी करणं यात फरक आहे आणि तो तुम्हाला सतावणार. त्याच ड्राइव्हवर मूव्ह केलेली फाइल आपल्या जुन्या परमिशन घेऊन येते, कॉपी केलेली मात्र नव्या जागेच्या घेते. म्हणजे सरांनी पार्टनरच्या फोल्डरमधून एखादं पत्र ओढून जीएसटीत टाकलं तर जीएसटीवाल्यांना ते दिसेल पण उघडणार नाही. आणि उलट दिशेनं, उघड्या फोल्डरमधली फाइल बंद फोल्डरमध्ये मूव्ह केली तर तिची जुनी परमिशन तिच्याबरोबर राहू शकते, हे जास्त वाईट. खात्याबाहेर काही न्यायचं तर कॉपी करा आणि मूळची पुसा, एवढी सवय दोन्ही सरांना लावा.

ॲक्सेस बेस्ड एन्युमरेशन म्हणून शेअरच्या सेटिंगमध्ये एक खूण असते, सर्व्हर मॅनेजरमध्ये फाइल अँड स्टोरेज सर्व्हिसेसमध्ये शेअर्स, तिथे प्रॉपर्टीज. ती केली की ज्याला जे फोल्डर उघडायचा हक्क नाही त्याला ते दिसतच नाही. नक्की करा. ‘पगार’ हे नाव डोळ्यांसमोरच नसेल तर कुतूहलही नाही आणि बंद दाराचा राग पण नाही.

टॅलीचं वेगळं सांगावं लागेल. टॅलीचा डेटा ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे टॅली वापरणाऱ्या प्रत्येकाला बदलायचा हक्क लागतोच, नाहीतर एंट्रीच होणार नाही, आणि ज्याला तो हक्क आहे तो अख्खं कंपनी फोल्डर कॉपीही करू शकतो. हे फोल्डर परमिशननं सुटत नाही. टॅलीचा डेटा बाकी कागदांपासून वेगळ्या शेअरवर ठेवा, टॅलीच्या आतले युजर आणि टॅलीव्हॉल्ट (डेटाला पासवर्डचं कुलूप लावायची टॅलीतली सोय) वापरा, आणि ज्यांना टॅली लागत नाही त्यांना त्या शेअरवर घेऊ नका. तसंच तुमच्याकडे सगळ्या क्लायंटच्या इन्कम टॅक्स आणि जीएसटी पोर्टलच्या पासवर्डांची एक एक्सेल असणार, सीए ऑफिसमध्ये ती असतेच. ती शेअरवरून काढा आणि पासवर्ड मॅनेजर घ्या, माझ्या मते ती फाइल पगाराच्या शीटपेक्षा कितीतरी पटीनं धोक्याची आहे.

बॅकअप आणि व्हायरसबद्दल थोडं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभर फाइली कुलूपबंद केल्या, त्याची वाट बंद करणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता पण असंख्य कॉम्प्युटरवर तो टाकलेलाच नव्हता. असला रॅन्समवेअर ज्याच्या लॉगिनवर शिरतो त्याला जिथे जिथे लिहायचा हक्क आहे तिथे तिथे सहज फाइली खराब करतो. आज तुमच्याकडे एका मुलानं एक चुकीची अटॅचमेंट उघडली तर अख्खं ‘डेटा’ जाऊ शकतं, नीट वाटणी असेल तर एक खातं. म्हणूनच सरांनी रोजच्या कामाला ॲडमिन लॉगिन वापरायचं नाही, पार्टनर असले तरी नाही. शॅडो कॉपीज चालू करा, ठरलेल्या सेटिंगला सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ ला प्रत निघते, एका ड्राइव्हवर जास्तीत जास्त ६४ राहतात, आणि चुकून पुसलेली फाइल प्रिव्हियस व्हर्जन्समधून परत आणता येते. पण तो बॅकअप नाही, कारण रॅन्समवेअर बरेचदा आधी त्याच प्रती उडवतो. खरा बॅकअप सर्व्हरपासून वेगळा, आणि त्यावर स्टाफच्या कुठल्याच लॉगिनला हक्क नको.

विंडोजचं ऑडिटिंगही, म्हणजे फाइलींवर कुणी काय केलं याची नोंद, चालू करा, निदान क्लायंटच्या फोल्डरवर आणि फक्त डिलीटपुरतं, नाहीतर लॉग इतका फुगतो की कुणी बघतच नाही. ग्रुप पॉलिसीत ऑब्जेक्ट ॲक्सेसची नोंद चालू करायची आणि फोल्डरच्या ॲडव्हान्स्डमध्ये ऑडिटिंग टॅबवर ओळ घालायची, दोन्ही लागतं, एक केलं तर नोंद होत नाही. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६६३ आणि ४६६० नंबरच्या नोंदी येतात, कुठल्या लॉगिननं, किती वाजता, कुठल्या फाइलवर. हे आणि प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन असतं तर त्या मुलीवर चार दिवस ती वेळ आली नसती.

कुणी सोडून गेलं की त्याच दिवशी अकाउंट डिसेबल, ग्रुपमधून बाहेर, आणि डिलीट नंतर सावकाश. एचआर नाही तुमच्याकडे, तेव्हा निरोपाच्या दिवशी लॅपटॉप आणि चावी परत घेता त्याच कागदावर ही एक ओळ छापून घ्या.

आणि मागणी आली की उशीर करू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. कुणाला एखादं फोल्डर कामासाठी हवंय आणि तीन दिवस कुणी उत्तर देत नाही, तर तो वाट बघत बसत नाही, तो मित्राकडून व्हॉट्सॲपवर फाइल मागवतो किंवा पेनड्राइव्हवर घेतो, आणि मग आपण लावलेल्या सगळ्या परमिशनला अर्थ राहत नाही. साधा नियम करा, मेलवर मागणी, त्या फोल्डरच्या जबाबदार माणसाचा होकार, त्याच दिवशी काम. आणि वर्षातून दोनदा ग्रुपच्या याद्या छापून पार्टनरांपुढे ठेवा, हा अजून इथे हवा का एवढंच विचारा.

कधी करायचं तेही सांगते. जुलैअखेर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रिटर्न-ऑडिटच्या धावपळीत बिलकूल नाही, महिन्यातही ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, म्हणून २० तारखेनंतरचा शनिवार पकडा, सगळे गेल्यावर. एका दिवसात सगळं करायचं नाही, पगार झालंय, मग पार्टनर, मग एकेक खातं. प्रत्येक खातं लावलं की ॲडव्हान्स्डमधल्या इफेक्टिव्ह ॲक्सेस टॅबवर एका आर्टिकलचं नाव टाकून बघा, त्याला नेमकं काय काय मिळतंय ते तिथे दिसतं, आणि एक टेस्ट युजर बनवून खरंच त्याच्या लॉगिननं बसून फाइल उघडा, सेव्ह करा, पुसायचा प्रयत्न करा.

सोमवारी सकाळी पहिला तास मात्र दुसरं काही काम घेऊ नका. कुणाचं तरी अडणारच, आवाज चढतील, कुणीतरी म्हणेल आधी बरं होतं, सरही म्हणतील आत्तापुरतं सगळं उघडं कर. तेव्हा एव्हरीवन परत लावू नका. ज्याचं अडलंय त्याचं नाव कुठल्या ग्रुपमध्ये हवं ते तक्त्यावर बघा, ते तिथे घाला, आणि त्याला साइन आउट करून परत यायला सांगा.